बिंदू फिरवा, पण तक्ता पाठ करू नका

बिंदू (४, १) आरंभबिंदूभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने ९० अंशांतून फिरवला, तर तो कुठे जाऊन पडेल? उत्तर आहे (−१, ४). बहुतेकांनी हे उत्तर एका तक्त्यातून शिकलेलं असतं: ९० ला असं करा, १८० ला तसं, २७० ला आणखी काहीतरी, आणि दिशा बदलली की पुन्हा तीन ओळी. तक्ता आठवडाभर टिकतो. मग उणे चिन्ह पहिल्या आकड्याला लावायचं की दुसऱ्या, इथे गाडी अडते आणि उत्तर अंदाजपंचे दिलं जातं.

माझ्या मते या सहा ओळींतली एकच ओळ लक्षात ठेवण्यासारखी आहे, तीही पाठ करून नव्हे तर समजून. बाकीच्या तिच्यातूनच निघतात. ३० किंवा ४५ अंशांचं सूत्रसुद्धा तिच्याच पोटातून बाहेर पडतं, ते पुढे पाहू.

आधी दिशा ठरवून घ्या

फिरवण्यासाठी तीन गोष्टी माहीत हव्यात: कशाभोवती, किती आणि कोणत्या बाजूला. कशाभोवती हे ठरलेलंच आहे, आरंभबिंदूभोवती. त्यामुळे बिंदूचं आरंभबिंदूपासूनचं अंतर बदलत नाही. तो एका वर्तुळावरून सरकतो, एवढंच. (४, १) चं अंतर √(१६ + १) म्हणजे √१७, आणि कितीही फिरवा, ते √१७ च राहणार.

दिशेबाबत गणितात एक संकेत आहे. घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरणं धन मानतात, काट्यांच्या दिशेने फिरणं ऋण. चरणांचे, म्हणजे अक्षांनी पाडलेल्या चार भागांचे, क्रमांकही याच धन दिशेने लागतात: पहिल्या चरणातून उलट फिरलात की दुसऱ्यात, मग तिसऱ्यात, मग चौथ्यात. गणितात नुसतं ‘९० अंशांतून फिरवा’ म्हटलं असेल, तर उलट दिशा धरायची. या लेखात मी दर वेळी लांबलचक लिहिण्याऐवजी ‘उलट’ आणि ‘सुलट’ एवढंच म्हणेन. सुलट म्हणजे घड्याळाचे काटे जातात तसं.

पाच मिनिटं हातांना द्या

आलेख कागदावर दोन्ही अक्ष काढा आणि (४, १) वर ठळक ठिपका द्या. त्यावर एक पारदर्शक कागद ठेवा. त्यावर ठिपका गिरवा, आणि त्यासोबत उजवीकडे जाणारा क्ष-अक्षही गिरवून त्याच्या टोकाला बाण काढा. हा बाण महत्त्वाचा आहे, विसरू नका. आता पेन्सिलीचं टोक आरंभबिंदूवर दाबून धरा आणि वरचा कागद उलट दिशेने फिरवत राहा. उजवीकडचा बाण बरोबर वर, य-अक्षावर येऊन बसला की थांबा. ९० अंश झाले, कोनमापक लागलाच नाही. ठिपका कुठे आला ते खालच्या आलेखावर वाचा.

तो (−१, ४) वर असेल. हेच (−३, २) घेऊन एकदा करा. ठिपका (−२, −३) वर येईल. सूत्र माहीत असलेल्यांनीही हे करून पाहावं असं मला वाटतं, कारण पुढचं सगळं स्पष्टीकरण त्या फिरणाऱ्या बाणावरच उभं आहे.

नियम येतो कुठून

(४, १) हा बिंदू म्हणजे खरं तर एक सूचना आहे: आरंभबिंदूपासून ४ पावलं उजवीकडे जा, मग १ पाऊल वर. कागद फिरवल्यावर सूचनेतले आकडे बदलत नाहीत. बदलतात त्या दिशा. पारदर्शक कागदावरचं ‘उजवीकडे’ आता खालच्या कागदाच्या हिशेबात ‘वर’ झालंय, हे बाणाने दाखवलंच. आणि तिथलं ‘वर’ आता ‘डावीकडे’ झालंय. म्हणजे फिरवलेली सूचना अशी: ४ पावलं वर, १ पाऊल डावीकडे.

डावीकडे १ म्हणजे क्ष-निर्देशक −१. वर ४ म्हणजे य-निर्देशक ४. झालं, (−१, ४).

आकड्यांच्या जागी अक्षरं ठेवली की नियम मिळतो:

(क्ष, य) → (−य, क्ष)

शब्दांत सांगायचं तर आकड्यांची अदलाबदल करा आणि जो आकडा आता पुढे आला, त्याचं चिन्ह पालटा. चिन्ह कुठे लावायचं अशी शंका आली तर तक्ता आठवत बसू नका. ‘वर’चं ‘डावीकडे’ झालं, हे वाक्य मनात म्हणा. डावीकडे म्हणजे पहिला निर्देशक, आणि तोच उलटतो.

इथे एक खड्डा आहे. ‘−य’ दिसलं की अनेकजण तिथे ऋण संख्याच यायला हवी असं समजतात. −य म्हणजे ‘य चं चिन्ह पालटून’. य मुळातच ऋण असेल तर −य धन येणार. (२, −५) घ्या: अदलाबदल केली, (−५, २), पहिल्याचं चिन्ह पालटलं, (५, २). चौथ्या चरणातला बिंदू पहिल्या चरणात आला, म्हणजे उलट दिशेने एक चरण पुढे. बरोबरच आहे.

अक्षांवरच्या बिंदूंना वेगळी वागणूक लागत नाही. (६, ०) जातो (०, ६) वर, (०, −३) जातो (३, ०) वर. आरंभबिंदू स्वतः जागचा हलत नाही.

बाकीचे कोन फुकटात

१८० म्हणजे ९० दोनदा. (४, १) वरून (−१, ४), आणि त्यावर पुन्हा तोच नियम: अदलाबदल (४, −१), पहिल्याचं चिन्ह पालटून (−४, −१). दोन्ही चिन्हं पालटली, आकडे आपापल्या जागी परतले. १८० ला दिशा सांगायचीही गरज नाही. उलट जा की सुलट, पोहोचायचं एकाच ठिकाणी.

२७० म्हणजे तीनदा, (१, −४). आणि चौथ्यांदा केलंत तर पुन्हा (४, १), घरी परत. सुलट ९० म्हणजेच उलट २७०, त्यामुळे तिथेही उत्तर (१, −४). ४५० अंश विचारले तर ३६० वजा करा, उरले ९०. मोठे कोन घाबरवण्यापुरतेच मोठे असतात.

उत्तर तपासायचं कसं

या भागावर थोडा रेंगाळतो, कारण चुका होतात त्या ठरावीकच, आणि प्रत्येक चूक पकडणारी कसोटी वेगळी आहे.

पहिली कसोटी अंतराची. दोन्ही निर्देशकांच्या वर्गांची बेरीज फिरवण्याआधी आणि नंतर सारखीच यायला हवी. बेरीज-वजाबाकीतली घसरगुंडी इथे सापडते. चिन्हाची चूक मात्र सापडत नाही, कारण वर्ग केला की उणे गिळलं जातं.

दुसरी कसोटी फक्त ९० अंशांसाठी: जुना क्ष गुणिले नवा क्ष, अधिक जुना य गुणिले नवा य. ही बेरीज शून्य यायला हवी. आपल्या उदाहरणात ४ × (−१) + १ × ४ = ०. दोन रेषांच्या चढांचा गुणाकार −१ असला की त्या लंब असतात, हे तुम्ही वाचलं असेल. ही त्याचीच भावंड. हिचा फायदा असा की बिंदू अक्षावर असला, आणि उभ्या रेषेला चढच नसला, तरी ही अडत नाही.

पण (१, −४) हे उत्तरही या दोन्ही कसोट्या पार करतं. ते ९० अंशांवरच आहे, चुकीच्या बाजूला. म्हणून तिसरी कसोटी, चरणाची: पहिल्या चरणातला बिंदू उलट ९० ने दुसऱ्यातच जायला हवा. सोपी आहे, म्हणून लोक वगळतात, आणि बहुतेक चुका तिथेच सापडल्या असत्या.

आकृती फिरवताना आणखी एक चूक होते. त्रिकोण घेऊ: (२, १), (५, १), (५, ३). उलट ९० ने शिरोबिंदू येतात (−१, २), (−१, ५), (−३, ५). बाजू आधी ३, २ आणि √१३ होत्या, नंतरही तेवढ्याच. आता समजा कुणी चिन्ह पालटायला विसरलं आणि नुसती अदलाबदल केली: (१, २), (१, ५), (३, ५). याच्याही बाजू ३, २, √१३ च आहेत! त्रिकोण एकरूप आहे, कागदावर अगदी सुबक दिसतो, आणि तरीही चूक आहे.

कुठे बिनसलं? मूळ त्रिकोणाच्या कडेवरून शिरोबिंदूंच्या क्रमाने चालत जा. आधी उजवीकडे, मग वर. म्हणजे वळण डावं. बरोबर फिरवलेल्या त्रिकोणात आधी वर, मग डावीकडे. वळण पुन्हा डावंच. चुकीच्या त्रिकोणात आधी वर, मग उजवीकडे. वळण उजवं झालं. फिरवल्याने डावं वळण उजवं होत नाही, ते होतं आरशात. नुसती अदलाबदल म्हणजे क्ष = य या रेषेतलं परावर्तन. पारदर्शक कागद तुम्ही फिरवला नाहीत, पालथा घातलात.

मधले कोन

आता ३० अंश. इथे ‘उजवीकडे’चं ‘वर’ होत नाही, तिरकं काहीतरी होतं. पण युक्ती तीच: सूचना तशीच ठेवा, दिशा बदला.

उजवीकडचं एक पाऊल म्हणजे (१, ०). ते थीटा कोनातून फिरवलं की एक त्रिज्येच्या वर्तुळावर जिथे पोहोचतं, त्या बिंदूचे निर्देशक म्हणजे (कॉस थीटा, साइन थीटा). कॉस आणि साइनची व्याख्याच ही आहे, त्यामुळे सिद्ध करण्यासारखं काही उरत नाही. वरचं एक पाऊल कुठे गेलं? ते उजव्या पावलाच्या ९० अंश पुढे होतं आणि फिरल्यावरही ९० अंश पुढेच असणार. मग आपला नियम लावा: (कॉस थीटा, साइन थीटा) चं होतं (−साइन थीटा, कॉस थीटा).

क्ष पावलं पहिल्या दिशेने, य पावलं दुसऱ्या दिशेने:

नवा क्ष = क्ष × कॉस थीटा − य × साइन थीटा

नवा य = क्ष × साइन थीटा + य × कॉस थीटा

वजाबाकीचं चिन्ह पहिल्याच ओळीत का, याचं उत्तर आता तुमच्याकडे आहे. (−य, क्ष) मधलं उणे तेच हे. थीटाच्या जागी ९० ठेवा, कॉस शून्य आणि साइन १, सूत्र आपोआप (−य, क्ष) होतं.

(४, २) हा बिंदू ३० अंशांनी फिरवू. कॉस ३० म्हणजे √३/२, सुमारे ०.८६६, साइन ३० म्हणजे ०.५. नवा क्ष = ३.४६४ − १ = २.४६४. नवा य = २ + १.७३२ = ३.७३२. वर्गांची बेरीज आधी २० होती, नंतर ६.०७१ + १३.९२८ = १९.९९९. राहिलेला कण दशांशस्थळं कापल्याचा.

हीच दोन सूत्रं थोडी निराळी मांडली की मला जास्त आवडतात. प्रत्येक बिंदूला एक काटकोनी जोडीदार असतो असं समजा. (४, २) चा जोडीदार (−२, ४). कितीही अंशांनी फिरवलेला बिंदू म्हणजे मूळ बिंदूचा कॉसपट भाग अधिक जोडीदाराचा साइनपट भाग. ३० अंशांना (३.४६४, १.७३२) अधिक (−१, २), म्हणजे पुन्हा (२.४६४, ३.७३२). कोन शून्य असताना मिश्रणात सगळा मूळ बिंदू असतो, ९० ला सगळा जोडीदार.

१९५९ साली जॅक व्होल्डर यांनी विमानाच्या दिशादर्शनासाठी कॉर्डिक नावाची पद्धत मांडली, तीही याच मिश्रणावर चालते. बिंदूमध्ये जोडीदाराचा पूर्ण, मग अर्धा, मग पाव, मग एक-अष्टमांश भाग मिळवत किंवा वजा करत हव्या त्या कोनाजवळ सरकायचं. दोनने भागणं यंत्राला अगदी स्वस्त पडतं. प्रत्येक टप्प्यात अंतर वाढतं, पण किती वाढणार हे आधीच ठाऊक असतं, म्हणून एकदाच दुरुस्ती केली की पुरतं. खिशातल्या गणनयंत्रांनी पुढे हीच पद्धत उचलली.

सरावासाठी दशांशांचा त्रास नको असेल तर ३-४-५ च्या काटकोन त्रिकोणातला कोन घ्या, ज्याचा कॉस ४/५ आणि साइन ३/५ आहे. तो सुमारे ३६.८७ अंशांचा असतो, पण हा आकडा लागतच नाही. (१०, ५) फिरवा: नवा क्ष = ८ − ३ = ५, नवा य = ६ + ४ = १०. उत्तर (५, १०), एकही अपूर्णांक नाही. ५-१२-१३ चा त्रिकोण घेऊन स्वतः असा एक बिंदू शोधून पाहा. दोन्ही निर्देशक १३ च्या पटीत घेतले की उत्तर नक्की पूर्णांकांत येतं.

सुलट फिरवायचं असेल तर थीटा ऋण घ्या. कॉस तसाच राहतो, साइनचं चिन्ह पालटतं. म्हणजे वरच्या दोन ओळींतल्या अधिक-उण्याची जागा बदलते.

गणनयंत्र आणि संगणक वापरणाऱ्यांसाठी

गणनयंत्रावर आधी साइन ३० काढून बघा. ०.५ आलं तर ठीक. −०.९८८ आलं तर यंत्र अंशांऐवजी रेडियन, म्हणजे कोन मोजण्याचं दुसरं एकक, समजतंय. संगणकाच्या बहुतेक प्रोग्रामिंग भाषा तर रेडियनच मागतात, तेव्हा अंशांना पाय (π) ने गुणून १८० ने भागून मगच कोन द्या.

दुसरी गोष्ट मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ घालवून शिकलो. प्रोग्राममध्ये पहिल्या ओळीत नवा क्ष काढून तो ‘क्ष’ मध्येच साठवला, आणि दुसऱ्या ओळीत य काढताना तोच बदललेला क्ष वापरला गेला. आकृती फिरायच्या ऐवजी चेपली जाऊ लागली. ९० अंशांवर ही चूक उघडी पडते: (४, १) चा क्ष −१ झाला, मग य ला जुना ४ मिळायच्या ऐवजी −१ च मिळाला, उत्तर (−१, −१). अंतर √१७ वरून √२ वर घसरलं. जुने दोन्ही आकडे आधी बाजूला ठेवा, मग नवे काढा. कागदावर सोडवतानाही हीच शिस्त बरी.

आणि पडद्यावर आकृती उलटीऐवजी सुलट फिरताना दिसली तर सूत्रावर संशय घेऊ नका. संगणकाच्या चित्रांत आरंभबिंदू बहुधा वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि य खाली वाढत जातो. तिथे ‘वर’ म्हणजे ‘खाली’, त्यामुळे तेच सूत्र डोळ्यांना घड्याळाच्या दिशेने फिरताना दिसतं.

चिन्हांमागची एक गंमत

१८० अंश फिरवणं म्हणजे दोन्ही निर्देशकांना −१ ने गुणणं. ते ९० चं काम दोनदा केल्यावर होतं. मग ९० म्हणजे अशा कशानेतरी गुणणं, ज्याचा वर्ग −१ आहे! संमिश्र संख्यांतलं काल्पनिक एकक ते हेच. (४, १) ला ४ अधिक एक एकक असं लिहून त्या एककाने गुणा: ४ चे ४ एकक होतात, आणि एककाचा वर्ग −१ देतो. उत्तर −१ अधिक ४ एकक, आपलं (−१, ४). संमिश्र संख्यांना प्रतलावर अशी दिशा देणारा निबंध १७९७ मध्ये कास्पर वेसेल यांनी डेन्मार्कच्या विज्ञान अकादमीपुढे मांडला. ते पेशाने जमिनीची मोजणी करणारे होते, कोन आणि अंतरं हाच त्यांचा रोजचा धंदा.

केंद्र दुसरंच असेल तर

कधी प्रश्न असा येतो: (५, ४) हा बिंदू (२, ३) भोवती उलट ९० ने फिरवा. नवं सूत्र शोधू नका. (२, ३) लाच तात्पुरता आरंभबिंदू माना. तिथून पाहिलं तर आपला बिंदू किती दूर आहे? ५ − २ = ३ उजवीकडे, ४ − ३ = १ वर, म्हणजे (३, १). नियम लावा, (−१, ३). ही पावलं (२, ३) पासून मोजलेली आहेत, म्हणून ती परत मिळवा: २ − १ = १, ३ + ३ = ६. उत्तर (१, ६).

परत मिळवायची पायरी विसरून (−१, ३) वरच थांबणं ही इथली नेहमीची चूक. ती पकडायला केंद्रापासूनचं अंतर तपासा, आरंभबिंदूपासूनचं नव्हे: (२, ३) पासून (५, ४) चं अंतर √१०, आणि (१, ६) चंही √१०. (−१, ३) चं मात्र ३ च भरतं.